सरूबाईची वेगळी चूल

“सरूमावशी, तुमचं नावच नाय कार्डात. कमी झालंय!”

रेशन दुकानदार पुंजाराम हे बोलला आणि सरूबाईच्या हातातली पिशवी तिथंच गळून पडली. मागं रांगेत निम्मी मुकुंदवाडी उभी! यंत्रावर दाबून दाबून अंगठा लाल झालेला, आणि हा मेला म्हणतो, नाव नाही? अहो, रेशनकार्डातून नाव कमी करतात ते मेलेल्याचं, नाहीतर सासरी गेलेल्या लेकीचं... सरूबाई तर जित्ती होती, आणि साठी उलटलेल्या विधवेला कोण सासरी नेणार होतं?

“कुणी केलं कमी?”

“तुमची सून, दुसरं कोण! आवडा म्हणली, म्हातारीचं कार्ड वेगळं काढलंय.”

वेगळं! त्या एका शब्दानं सरूबाईच्या काळजाला अशी डागणी बसली की रस्ताभर तिला रिक्षांचे भोंगेसुद्धा ऐकू आले नाहीत. वेगळं काय, सरळ हाकलून द्यायचंच की!

तशी शंकेची पाल तिच्या मनात केव्हाची चुकचुकत होती. या सुनेच्या वागण्यात कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिनं ओळखलं होतं. आवडा एका मेसवर पोळ्या लाटायला जायची. घरी आली की फोनवर कुजबुजायची आणि सरूबाई दारात आली की गप्प! मध्येच एके दिवशी रिक्षात घालून सासूला औरंगपुऱ्यात नेलं, फोटो काढला, आणि एका वकिलाच्या टेबलापुढं उभं करून म्हणाली, “इथं अंगठा द्या, आत्याबाई. आत्ता काय विचारू नका.” सरूबाईनं दिला. म्हटलं, घे बाई, माझ्या नावावर उंदराचं बीळसुद्धा उरलं नाय, तू नेऊन नेऊन काय नेशील?

आणि ते खरंच होतं. अजिंठ्याकडच्या गावात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं पक्कं घर तिनं अंगठा उठवून बन्सीच्या नावावर करून दिलं होतं. एकुलता एक लेक! त्याच्यापासून काय राखून ठेवायचं? त्यानं रिक्षा घ्यायला चुलत्याकडून पैसे उचलले आणि त्या बदल्यात ते घर त्याच्या ताब्यात दिलं, चुलता तिथं ठाण मांडून बसला, आणि ही तिघं इथं भाड्याच्या दीड खोलीत आली. पण त्याबद्दल सरूबाईनं लेकाला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लेकावर संशय घ्यायचा म्हणजे आपल्याच उदरावर संशय घ्यायचा! संशय घ्यायला सून होती की घरात.

कार्डाचं कळलं त्याच संध्याकाळी आवडा एक नवी गॅसची शेगडी घेऊन आली आणि तिनं ती सरूबाईच्या अंथरुणाशेजारी कोपऱ्यात मांडली.

“ही कुणाला?” सरूबाईनं विचारलं.

“तुम्हाला. कुणी विचारलं तर सांगा, मी माझं वेगळं शिजवून खाते.”

“का गं? माझं खाणं जड झालं तुला? अगं, सरळ सांग की, म्हातारे, चालती हो!”

आवडाचे डोळे भरून आले. पण सांगितलं का तिनं काही? छे! “आत्याबाई, तुमच्या पाया पडते, थोडे दिवस कळ काढा... आणि यांनी विचारलं तर म्हणा, जुनी बिघडली तर असावी. बाकी यांच्याजवळ चकार शब्द काढू नका.”

घ्या! नवऱ्यापासून लपवायचं म्हणजे काही काळंबेरं असल्याशिवाय का? शेजारच्या मनकर्णाबाईनं तर त्यात तेलच ओतलं. “सरू, मी सांगते, आधी चूल वेगळी, मग खोली वेगळी, मग आश्रमात नेऊन टाकायचं. लई बघितल्यात असल्या सुना!” त्या दिवसापासून सरूबाई आपलं आधारकार्ड पोलक्यात खोचून झोपू लागली.

आणि मग एका दुपारी, आवडा मेसवर आणि बन्सी रिक्षावर असताना, कागदांची चळत घेऊन एक साहेब दारात आले. तपासणी करायची आहे म्हणाले. कसली, ते सरूबाईला धड कळलं नाही, विचारायचा धीरही झाला नाही. मनकर्णाबाई उंबऱ्याशी येऊन कान टवकारून उभी.

“आजी, तुम्ही मुलापासून वेगळ्या आहात ना? चूल वेगळी?”

वेगळ्या! पुन्हा तोच शब्द... परक्या माणसासमोर, सगळ्या गल्लीसमोर! घरोघरी मातीच्या चुली असतात, पण म्हणून काय त्या चव्हाट्यावर मांडायच्या? झाकली मूठ सव्वा लाखाची! अभिमानानं सरूबाईची मान ताठ झाली.

“कोण म्हणतं वेगळी? आमची चूल एकच हाय, साहेब! लेक मला तळहातावरच्या फोडासारखं जपतो. ती शेगडी व्हय? ती पाहुण्यांसाठी.”

साहेबांनी शेगडीकडं पाहिलं, सरूबाईकडं पाहिलं, कागदावर एक रेघ ओढली आणि ते निघून गेले. कशी जिरवली सुनेची! त्या दिवशी किती तरी दिवसांनी तिला घास गोड लागला.

संध्याकाळी हे ऐकलं आणि आवडा मटकन खाली बसली.

“काय केलंत हे, आत्याबाई! अहो, ते घरकुलाचे साहेब होते. सरकारी योजनेतलं घर... तुमच्या नावानं मागितलं होतं मी!”

“माझ्या?”

“माझा अर्ज कवाच बाद झाला. गावचं पक्कं घर यांच्या नावावर हाय, आता मला कोण देतंय? तुम्ही विधवा, तुमच्या नावावर सबंध देशात काय नाय, म्हणून तुम्हालाच मिळत होतं. पण त्यासाठी कार्ड वेगळं लागतं, चूल वेगळी लागती...”

“मग मला सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?”

“सांगितलं असतं तर रात्रीच्या आत यांच्या कानावर गेलं असतं. आणि उद्या घर हाती आल्यावर यांनी पुढ्यात कागद ठेवून म्हणलं असतं, माय, अंगठा दे...” आवडानं सासूच्या डोळ्यांत पाहिलं. “तुम्ही नाय म्हणला असता?”

सरूबाईनं नजर खाली वळवली. कारण उत्तर तिला ठाऊक होतं! किती दिवस ती या पोरीच्या चुका धुंडाळत होती, आणि ज्यानं खरोखर तिच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं, त्याच्यासाठी मात्र रोज दिवा लावत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ... पश्चात्तापानं तिचं अंतःकरण पिळवटून निघालं.

“पण माझ्यासाठी का गं इतकं? मी तर तुला धड बोलले पण नाय कधी!”

“यांनी उद्या मला हाकललं तर मला माहेर हाय, आत्याबाई. तुम्हाला कोण हाय?”

तेव्हा मात्र सरूबाईनं सुनेला पोटाशी धरलं आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या.

दुसऱ्या दिवशी सरूबाई बन्सीला म्हणाली, “माझं तुझ्या बायकोशी पटत नाय. मी गल्लीच्या टोकाची पत्र्याची खोली घेते.” मनाच्या एका कोपऱ्यात तिला अजून वेडी आशा होती की लेक हात धरील, म्हणेल, माय, जाऊ नको!

“बरं,” बन्सी म्हणाला. “भाडं कोण भरणार पण?”

भाडं आवडानं भरलं, मेसवर आणखी एक वेळच्या पोळ्या लाटून; सरूबाई तिथल्या भाज्या निवडून द्यायची. पत्रा दुपारी तापायचा, जीव नकोसा व्हायचा. जिची तिला धास्ती होती ती वेगळी चूल सरूबाई रोज आपल्या हातानं पेटवत होती, आणि अर्ज पुन्हा गेला होता.

साहेब आले तेव्हा नळाला पाणी आलेलं, गल्लीतल्या सगळ्या बाया हंडे घेऊन जमलेल्या. त्यात आवडाही होती.

“आजी, मागच्या वेळी तर म्हणालात, मुलगा जपतो?”

“खोटं बोलले, साहेब. लाज वाटली.” सरूबाईनं पदर सावरला. “लेक सांभाळत नाय मला.” जन्मात पहिल्यांदा हे तिच्या तोंडून निघालं.

“आणि सून?”

देवा, हे कसं बोलू... या पोरीबद्दल? साहेबांचा पेन थांबलेला. बाया कान लावून उभ्या. “सून...” हुंदका फुटला आणि पुढं शब्दच येईना.

“नाय सांभाळत, साहेब!” आवडाच मोठ्यानं बोलली, हंडा कमरेवर घेऊन, सगळ्यांच्या मधोमध. “मी त्यांची सून. म्हातारीचं माझं पटत नाय. मीच वेगळं काढलंय त्यांना.”

साहेबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “स्वतःची आई असती तर अशी बाहेर काढली असतीस का, बाई?” आवडा खाली मान घालून उभी राहिली. साहेबांनी कागद भरला, सरूबाईला दाराआड नेऊन हळूच सांगितलं, नाव प्रतीक्षा यादीत जाईल, नंबर लागला की कळवू, आणि ते गेले.

मग काय विचारता! बायांनी आवडाला शिव्यांची लाखोली वाहिली. कुणी थुंकलं, कुणी तिचा हंडा नळाखाली लागूच दिला नाही. ती रिकामाच हंडा घेऊन परत निघाली, एकदाही मागं वळून न बघता.

मनकर्णाबाई सरूबाईजवळ आली. “सुटलीस गं बाई त्या कैदाशिणीच्या तावडीतून! किडे पडतील तिच्या तोंडात. व्हय का नाय?”

सरूबाईला वाटलं, अस्संच रस्त्यात उभं राहून ओरडावं, अगं रांडांनो, ती देवता आहे देवता! पण एक शब्द निघाला तर संध्याकाळपर्यंत बन्सीच्या कानावर जाणार होता. यादीत नंबर लागेपर्यंत, घराची किल्ली हाती येईपर्यंत, किती महिने कोण जाणे... तिच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या.

“व्हय,” ती म्हणाली.