शनिवारचा पाहुणा

गुलमंडीतल्या किराणा दुकानात तनुजा काबुली चणे घेत होती, शेजारी छोटी सायली वही धरून उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आज कोणता देश, सायली?"

तनुजा गर्रकन वळली. निळ्या शर्टातला, हसऱ्या डोळ्यांचा एक तरुण उभा होता.

"हिचं नाव तुम्हाला कसं ठाऊक?"

"वहीवर लिहिलंय की. अन् खाली लेबनॉन."

लिहिलेलं होतं, हे खरं. तरी तनुजाला ते पटेना.

सायली तिच्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. बोलताना अडखळायची. शाळेत मुलं नक्कल करायला लागली, तसं तिनं परक्यांशी बोलणंच सोडलं. आईवडील मस्कतला नोकरीला, म्हणून तनुजा शाळेतली नोकरी सोडून तिला घरीच शिकवत होती. दर शनिवारी एक देश. त्याचा नकाशा काढायचा, तिथला एक पदार्थ रांधायचा आणि ती माणसं कशी जेवतात ते समजून घ्यायचं. सायलीच्या वडिलांचे वडील, करमाडचे नानासाहेब, यांना हे सगळं खूळ वाटायचं. दिवाळीपर्यंत पोर बोलती झाली नाही तर तिला वसतिगृहात ठेवणार, असं त्यांनी बजावलं होतं.

"मी सुदर्शन. शेंद्र्याला कंपनीत असतो," तो सांगत होता. "आमच्याकडं जपानी साहेब येतात. काड्यांनी भात खायला शिकलोय मी."

सायलीनं मान वर केली. "पु... पुढच्या शनिवारी या. शिकवा."

वर्षभरात परक्या माणसाशी ती पहिल्यांदा बोलली होती. तनुजाला नाही म्हणता आलं नाही.

तो आला, आणि येतच राहिला. काड्या कशा धरायच्या ते दाखवताना त्याची बोटं तनुजाच्या बोटांना लागली... तिनं हात मागे घेतला, पण जरा उशिरानंच. त्याला फार प्रश्न पडायचे. परीक्षा कोण घेतं? गणित कधी असतं?

"एवढी चौकशी कशाला?" तिनं एकदा विचारलंच.

"तुमच्याशी बोलायला काहीतरी पाहिजे ना."

ती हसली. आणि हसलो म्हणून स्वतःवरच चिडली.

सहाव्या शनिवारी ओट्यावर ठेवलेला त्याचा फोन वाजला. नाव झळकलं – नानासाहेब, करमाड.

तनुजानं गॅस बंद केला. "तुम्हाला त्यांनी पाठवलंय?"

त्यानं नजर चुकवली नाही. "व्हय. आमचं शेत त्यांच्या शेजारी. पोरगी काय शिकते ते बघून ये, म्हणाले."

"म्हणजे गुलमंडीतली भेटसुद्धा..."

"ठरवूनच होती. पहिला शनिवार नानांचा होता. पुढचे सगळे माझे."

"आणि मी हे खरं मानू?"

"नका मानू. मी नानांना एवढंच सांगितलंय, की माझ्यावर जाऊ नका, स्वतः या अन् बघा. पुढच्या शनिवारी येतायत."

आठवडाभर तनुजानं त्याचा एकही फोन उचलला नाही.

शनिवारी नानासाहेब आले. त्यांच्या मागे सुदर्शन दारातच उभा राहिला. ताटात ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचं मोठं, जाळीदार धिरडं होतं, वर मसुराचं तिखट कालवण.

"हे तर धिरडंच हाय की," नानासाहेब म्हणाले.

"इ... इथिओपियाचं, आजोबा," सायली म्हणाली. "त्याला इंजेरा म्हणतात. तिथं टेफ नावाचं धान्य असतं. सगळे एकाच ताटात जेवतात. आणि माणूस आपला असेल तर त्याला हातानं घास भरवतात. गु... गुर्शा." आणि तिनं घास पुढे केला.

नानासाहेबांनी तो खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. मग डोळे पुसत म्हणाले, "कालवण लई तिखट झालंय." आणि थोड्या वेळानं, "वसतिगृहाचं राहू दे, पोरी."

तनुजानं दाराकडे पाहिलं. सुदर्शन अजून उंबऱ्याबाहेरच होता. तिनं इंजेऱ्याचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मग... आ करा."