ओढ्याकाठची लाल खुर्ची

"आधी तिरंदाजी!" भोंगा ओरडला.

"आधी तंबू," मामा म्हणाले. "आणि जरा हळू! समोरचा डोंगर बहिरा नाही."

मामांचा हा मुलगा कुजबुजला तरी शेजारपाजारचे जागे होत, म्हणून तो भोंगा. त्याची आतेबहीण शंकी मात्र आज तोंडाला कुलूप लावून बसली होती. मागच्या सुट्टीत तिच्या शंका फेडता फेडता सगळ्यांची बस चुकली होती. त्यामुळे या वेळी निघतानाच आजोबांनी वचन घेतलं होतं, 'एकही शंका काढायची नाही!' गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची आजोबांची ही पहिलीच सहल. त्यांचा विरस करायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

बर्फाळ माथ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकायला दोनच जागा होत्या, झाडीतली आणि ओढ्याकाठची. वरच्या माळावर तिरंदाजी चालायची. छावणीचे मॅनेजर याच मोसमात नव्याने आले होते. आपली कोरी करकरीत लाल घडीची खुर्ची काखेत मारूनच ते सगळीकडे हिंडत.

"झाडीत मुंग्या फार. ओढ्याकाठी या! दारात पाणी, मऊ वाळू. नो टेन्शन!" ते म्हणाले.

मुलांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव 'नो-टेन्शन काका' ठेवलं. आजोबांनी आधीच आलेल्या कुटुंबांच्याही पुढे, पाण्याच्या अगदी जवळची जागा पटकावली आणि स्वारी खुशीत आली.

शंकी तंबूच्या खुंट्या ठोकत होती, तेवढ्यात तिला समोरच्या झुडपात काहीतरी दिसलं. तिच्या कमरेएवढ्या उंचीवर फांद्यांमध्ये वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. पक्ष्याचं घरटं म्हणावं, तर सगळा कचरा एकाच दिशेला वळलेला! तिने ओठ घट्ट मिटले. पण तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच वळत होती.

तिघं भावंडं तिरंदाजीला वर गेली, तेव्हा तिचा दादा एका खड्ड्यात अडखळला.

"हा बघ, इथेही खड्डा!" भोंगा गरजला. "आणि तो बघ, तिथेही!"

"तंबूच्या खांबांचे आहेत हे," दादा वाकून म्हणाला. "गवतावर तंबूंचे चौकोनी डागसुद्धा आहेत. म्हणजे तंबू आधी इथे होते!"

"मग खाली का नेले?" शंकीच्या तोंडून निसटलंच.

"तिरंदाजीला जागा हवी म्हणून, आणखी कशाला?" भोंगा म्हणाला.

शंकी धावत ओढ्यावर गेली. सकाळी ज्या दगडावर बसून तिने पाण्यात पाय सोडले होते, तो दगड बुडाला होता. आकाशात तर ढगाचा पत्ता नव्हता!

"पाऊस नसताना पाणी चढतंय," ती पळत परत येऊन म्हणाली.

दादाने डोंगरमाथ्याकडे बोट दाखवलं. "बर्फ! इतके दिवस ढगाळ होतं. आज ऊन कडक आहे. वर वितळलेलं पाणी इथे पोचायला वेळ लागतो."

"आणि जेवण झालं की आजोबा तंबूत आडवे होणार," शंकी म्हणाली. आजोबांना जमिनीवरून उठायला दोघांचा हात लागायचा. वचन मोडलं तरी चालेल, पण आजोबांना काही व्हायला नको!

झुडपात अडकलेला पुराचा कचरा, माळावरचे खड्डे, चढणारं पाणी, सगळं तिने तडक सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"झालं सुरू!" मामांनी कपाळाला हात लावला. "अगं, ओढ्यात पाणी नाही तर काय ताक असणार?"

आजोबांनी तिच्याकडे बघून भुवया चढवल्या. शंकीला रडूच आलं. नो-टेन्शन काका हसले. "मी आलो तेव्हापासून पाणी जागचं हललं नाही, बाळा."

शंकीने डोळे पुसले. "मग काका, तुमची खुर्ची आजोबांच्या तंबूपुढे ठेवाल? ती भिजली, तर सगळे तंबू वर."

"ठेवली! नो टेन्शन!"

"आणि आजोबा, आमच्या तिरंदाजीला पंच तुम्हीच हवेत," दादाने लगेच गळ घातली. "हा भोंगा भारी चिडखोर आहे!"

"मी चिडखोर?" भोंगा खरोखरच चिडला. त्याने डोळा मारायला हवा होता, पण त्याला डाव कळलाच नव्हता. पंच म्हटल्यावर आजोबांची झोप पळाली, आणि काठी टेकत ते माळावर चढले.

सामना ऐन रंगात आला होता. शंकीचं लक्ष मात्र खालीच होतं. पाणी वाळूवर सरकलं. खुर्चीचे पाय भिजले, ती कलली आणि डुलत डुलत निघाली!

"भोंग्या, ओरड!"

"पाणी आलं! वर या!"

त्या आवाजाने झाडीतली माणसंसुद्धा बाहेर आली. मामा आणि काका धावले. ओढ्याकाठच्या सगळ्या कुटुंबांनी मिळून तंबू उपटले, सामान वर ओढलं. आजोबांची गादी तेवढी ओलीचिंब झाली. खुर्ची वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

नो-टेन्शन काका माळावर मटकन खाली बसले. "तंबूंचे खांब मीच खाली हलवले," ते म्हणाले. "जुन्या माणसांनी ते वर का रोवले होते, हे विचारायचं सुचलंच नाही. चुकलं माझं. पोरांनो, तुम्ही नसता तर..."

मामांनी शंकीच्या पाठीवर थाप मारली. आजोबांनी मात्र ओल्या गादीकडे बघितलं आणि मग तिला जवळ ओढलं.

"ते वचन मी परत घेतो," ते म्हणाले. मग काठीने माळावरची एक जागा दाखवली. "इथे ठोकू या तंबू? काही शंका?"

शंकी घुटमळली. "एक आहे..."

मामांच्या हातात हातोडा होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि सगळे ऐकायला बसले.