चौथ्या पोर्टमधला बोळा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. घडलं ते सांगते. सुरुवातीचा भाग मामाच्या तोंडून ऐकलेला, शेवटचा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला.

यात काळोखी रात्र नाही. ओसाड बंगला नाही. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे मामाच्या घरामागची पत्र्याची शेड. तिथे तो इंजिनं दुरुस्त करायचा.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कुठे काही कुरकुरलं, तर हा आधी तेलाचा डबा शोधणार.

आजोबांची गोल दिव्यांची एक जुनी गाडी होती. ती बंद पडून होती आणि आजोबाही तसेच. कुणालाच ओळखत नव्हते. मामीला नर्स समजायचे. मामाला रोज सकाळी विचारायचे, "तुम्ही कोण?"

लहानपणी मामा गुबगुबीत होता. आजोबा त्याला ढब्बू म्हणायचे. पुढे मीही त्याला ढब्बूमामा म्हणून चिडवायचे आणि तो हमखास चिडायचा. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला आता एकच हवं होतं. वडिलांनी एकदा, फक्त एकदा, ढब्बू म्हणून हाक मारावी.

"गाडीचा आवाज ऐकला की ओळखतील बघ," तो मामीला म्हणायचा. "त्या आवाजात मी लहानाचा मोठा झालोय."

पण इंजिनाचं हेड तडकलं होतं. हेड म्हणजे इंजिनावरचं जड झाकण. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल शिरतं ते त्यातल्या वाटांनी. त्यांना पोर्ट म्हणतात. जुन्या हेडला वेल्डिंग मारता आलं असतं, पण तापलं की ते पुन्हा दगा देणार. मामाने भंगारवाल्याकडून त्याच इंजिनाचं दुसरं हेड शोधून काढलं.

ते साधं नव्हतं. कुणीतरी हाताने पोर्ट घासून रुंद केले होते, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता यावा. काम इतकं देखणं होतं की मामा आतून बोट फिरवतच राहिला. घासल्याच्या बारीक रेषा सगळ्या डावीकडे झुकलेल्या. करणारा डावखुरा असणार.

तीन सिलिंडरचे पोर्ट पूर्ण होते. चौथा तसाच खडबडीत.

आणि चौथ्याच्या तोंडात... तेलकट कापडाचा, घट्ट पिळलेला एक बोळा.

मामा ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याचा एक नियम होता. अर्धवट काम सोडून उठायचं, तर पोर्टमध्ये बोळा घालून उठायचं. कचरा आत जात नाही, आणि दुसऱ्यालाही कळतं की हे काम माझं आहे, मी परत येणार आहे. ज्याचा बोळा त्यानेच काढायचा. दुसऱ्याला काम हातात घ्यायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं.

"कुणाचं काम हे?" मामाने विचारलं.

"तो आता कुठला भेटतोय तुम्हाला," भंगारवाला म्हणाला.

मामाला घाई झाली होती. त्याने बोळा उपटला आणि भंगारात फेकून दिला.

शेडमध्ये आल्यावर त्याने हेड साखळीला टांगलं आणि हातोडीने हलकेच ठोकलं. तडा असेल तर आवाज बद्द येतो. हे खणखणीत वाजलं. मामा खूश झाला. नाद थांबवायला त्याने हेडवर तळहात टेकवला.

नाद थांबला नाही...

तळहाताखाली लोखंड गार होतं, निश्चल होतं. आवाज मात्र येत राहिला. मग पटकन तुटला, जणू आणखी कुणीतरी हात ठेवला.

"कान वाजतायत," मामा स्वतःशी पुटपुटला. हेड उतरवून त्याने टेबलावर घेतलं, ग्राइंडर उचललं आणि चौथ्या पोर्टमध्ये वाकून पाहिलं...

आत बोळा होता.

तोच पीळ. तेच काळं तेल.

मामाने ग्राइंडर खाली ठेवलं. हेड तिथेच टाकून तो उठलाही असता. पण तेवढ्यात घरातून आजोबांचा आवाज आला. ते मामीला विचारत होते, "अहो बाई, तुम्ही कोण?"

मामाने बोळा काढून खिशात कोंबला आणि ग्राइंडर सुरू केलं.

पुढचं त्याला आठवत नाही.

भानावर आला तेव्हा मामी दारात उभी होती. "किती हाका मारायच्या? जेवण गार झालं. आणि अहो, तो माणूसही जेवणार आहे का?"

"कोणता माणूस?"

"तुमच्या शेजारी वाकून काम करत होता तो. स्वयंपाकघरातून दिसत होता की."

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

मामाने खाली पाहिलं. चौथा पोर्ट पूर्ण झाला होता, बाकी तिघांसारखाच देखणा. आतल्या रेषा... डावीकडे झुकलेल्या.

मामा उजव्या हाताचा. ग्राइंडर त्याच्या डाव्या हातात होतं.

खिशातला बोळा गायब होता.

दुसऱ्या कुणी ते हेड परत नेऊन आदळलं असतं. मामाने ते इंजिनावर चढवलं. त्याला नावं ठेवू नका. रोज सकाळी "तुम्ही कोण" ऐकून पाहा, मग बोला.

गाडी सुरू केली त्या दिवशी मी तिथेच होते. आजोबांना शेडच्या दारात खुर्ची दिली होती. मामाने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं.

आजोबांची मान वर झाली. डोळ्यांत ओळख आली. मी पाहिली.

मामा धावत येऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "बाबा, मी कोण?"

आजोबा हसले. त्यांनी मामाचा उजवा हात बाजूला सारला. डावा हात धरला आणि कुरवाळला.

"झालं का रे काम, डावऱ्या?"

आमच्या घरात या नावाचं कुणी कधीच नव्हतं.

त्या दिवसापासून "तुम्ही कोण" बंद झालं. आजोबा जाईपर्यंत मामाला डावऱ्याच म्हणत राहिले, अगदी मायेने. मामा ओ द्यायचा. मला त्याची फार दया यायची.

आजोबा गेले आणि गाडी अडखळायला लागली. तीनच सिलिंडर चालत होते. मामाने मला टॉर्च धरायला बोलावलं, हवेची नळी सोडवली. मी चौथ्या पोर्टमध्ये उजेड टाकला...

बोळा.

चालत्या इंजिनात कापड तिथे टिकत नाही. आत ओढलं जातं, जळून जातं. हा ओला होता, ताज्या तेलाने.

"मामा, आता कुठलं काम राहिलंय त्याचं?" मी विचारलं.

बोळ्याला हात न लावता मामाने नळी पुन्हा बसवली. नट आवळले.

सगळे नट डाव्या हाताने आवळले.

निघताना मला राहवलं नाही. तो नेहमीसारखा चिडावा म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "येते हं, ढब्बूमामा."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चिडला नाही, हसला नाही.

"कोण ढब्बू?" त्याने विचारलं.