आळत्याखालचं नख

"अहो... फार जळतं का हो?" पडद्यापलीकडून आवाज आला.

मी दचकलेच! इंदुरातल्या पलासियाजवळच्या त्या स्किन क्लिनिकात मी तोंडाला ओढणी गुंडाळून शिरले होते, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी. नख पिवळं, जाड, कडेने भुसभुशीत. आणि मी कोण, तर कथक शिकवणारी! डोळ्यांवर हिरवा चष्मा, पाय स्टुलावर, आणि डॉक्टर मधुरिमा त्या नखावरून लेझर फिरवत होत्या. अशा वेळी गप्पा मारायचं कुणाला सुचतं?

"जळत नाही," मी म्हटलं. "गरम चिमटा बसल्यासारखं वाटतं. मग सोडतं."

"पक्का?"

"एवढं काय घाबरता लहान मुलासारखं?"

"अंगठा माझा आहे ना, मॅडम!"

मला हसूच आलं. पडदा जरा आखूड होता. खालून त्याचा पाय दिसत होता — आणि अंगठा अगदी माझ्यासारखा, तस्साच पिवळा! असलं काही बघून कुणाचा जीव जडतो का? माझा जडला, आता काय करू!

त्याचं नाव उन्मेष. नमकीनच्या फॅक्टरीत क्वालिटी बघतो, दिवसभर पायांत गमबूट. बाहेर आल्यावर त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. पायाकडे एकदाही नाही. मला ते फार आवडलं.

"चला, कोपऱ्यावर भुट्ट्याचा कीस खाऊ," तो म्हणाला. "तुम्ही मला धीर दिलात, तेवढं तो बनता है."

पुढच्या सिटिंगलाही तो हजर. त्याच्या पुढच्याही. योगायोग? छे! रिसेप्शनवरच्या निधीला मस्का मारून तो माझ्या लगतची वेळ घ्यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. डॉक्टर म्हणाल्या, बुरशी जाईल, पण चांगलं नख पूर्ण वाढायला वर्ष तरी लागेल. तोवर नेलपॉलिश बंद, टॉवेल वेगळा.

"वर्षभर?" मी रडकुंडीला आले.

"मग काय वाईट आहे?" उन्मेष हळूच म्हणाला. "वर्षभर भेटायला कारण मिळालं..."

आणि मग त्याने तो बॉम्ब टाकला. आईला त्याने माझ्याबद्दल सांगितलं होतं. आईने लगेच फर्मावलं, यंदा महालक्ष्मी घरात आणायला नीरजाला बोलाव. एरवी त्याची बहीण आणायची, पण यंदा ती बंगळूरला.

"आईला तुला बघायचंय गं, बाकी काही नाही. तिला आवडलीस ना, तर मग... मला तुला काहीतरी विचारायचंय."

त्याच्या आईची, सुलोचनाकाकूंची कीर्ती मी त्याच्याच तोंडून ऐकली होती. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर इंदूर, आणि इंदुरातलं सगळ्यात स्वच्छ घर त्यांचं! पायपुसण्यालाही इस्त्री करणारी बाई. तिच्या धाकाने हा स्वतः घरात मोजे घालून हिंडायचा. म्हणे पाय गार पडतात!

"मी नखाचं सांगून टाकू का तिला?" त्याने विचारलं.

"खबरदार!"

आमच्याकडे नुसता गणपती, महालक्ष्म्या नाहीत. मला वाटलं, मुखवटा हातात घ्यायचा, आत जायचं, झालं! साडी नेसले आणि दोन्ही पावलांना, बोटांना, नखांना भरपूर आळता लावला. नाचणारीच्या पायाला आळता, कोण काय म्हणणार? आरशात पाय बघितला. लाल, सुंदर. हुश्श!

मल्हारगंजातल्या त्यांच्या घरापुढे बायका जमल्या होत्या. रिमझिम पाऊस होता. दोन महालक्ष्म्या, म्हणून दोन मुखवटे. एक उन्मेषच्या शशिकलामावशीच्या हातात, दुसरा माझ्या. दारात उन्मेष उभा, सोवळं नेसलेला आणि पायांत मोजे! मला हसू फुटणार, एवढ्यात काकू लोटा घेऊन उंबऱ्याशी बसल्या. मावशी पुढे झाल्या. काकूंनी त्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं, मग दूध, आणि हाताने पावलं छान चोळून धुतली...

अरे देवा! लक्ष्मी आणणारीचे पाय धुतात! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशी आत गेल्या. "ये गं," काकू म्हणाल्या. पाणी पडलं. लाल ओघळ फरशीवर धावले. बोटं उघडी पडली, आणि मग — तो अंगठा. काकूंचा हात त्यावर टेकणार, तोच मी पाय मागे घेतला. मुखवटा हातात असताना एक पाऊल चक्क मागे गेलं!

"अगंबाई! लक्ष्मी मागे फिरली!" बायका कुजबुजल्या.

"काकू, हात नका लावू," मला रडू यायला लागलं. "नखाला बुरशी आहे... तुम्हाला लागण व्हायला नको."

काकूंचा चेहरा दगडासारखा. संपलं, मला वाटलं. हे घरही गेलं आणि हा माणूसही.

"आई, लोटा इकडे दे," उन्मेष पुढे आला. "तिचे पाय मी धुतो." त्याने मोजा ओढून काढला. "हे बघ, माझंही तेच आहे. लेझर चालू आहे, दोघांचं. तिथेच भेटली ती मला. ... आणि मला आवडते ती, आई."

काकूंनी त्याचा अंगठा पाहिला, माझा पाहिला.

"म्हणून मोजे होय रे! मी आपली रोज तेल गरम करून देतेय, पाय गार पडतात म्हणून!" मग म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणतात?"

"बरं होईल. वेळ लागेल."

"मग लक्ष्मीला पावसात उभं करून भाषण कसलं देतोस? धू!"

त्याने खाली बसून माझे पाय धुतले. अगदी हळू, दुखेल की काय असं वाटल्यासारखं. मी मुखवटा घट्ट धरून उभी होते.

काकूंनी कुंकू लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "लक्ष्मी आली कशाच्या पावलांनी?"

"म्हण, सोन्याच्या पावलांनी," मावशी आतून पुटपुटल्या. पण त्या अंगठ्याने उभं राहून मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

"सोन्याच्या पावलांनी!" उन्मेष मोठ्याने म्हणाला.

"तुला विचारलं का रे?" काकूंनी डोळे वटारले. मग माझा दंड धरला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चल आत. आणि पुढच्या वर्षी अशी उंबऱ्यात थांबू नकोस हं. घरच्या बाईने थांबायचं नसतं."