अकरा कार्डं

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या छोट्या टीव्ही केंद्रात कॅमेरे दोन होते आणि विल्फ होल्टबी एकच. सकाळी तो गव्हाचे भाव सांगायचा, संध्याकाळी फळ्यावर खडूने हिमवादळं काढायचा आणि चार वाजता लोकरी टोपी घालून ‘विल्फ काका’ व्हायचा. टोरांटोवाल्यांना पन्नास माणसं लावून जमलं नसतं, ते हा गडी एकटा करायचा. मी त्याच्या कार्यक्रमाची व्यवस्था बघायचे. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

कार्यक्रम वाढदिवसांचा. आईबाप कार्डावर मुलाचं नाव, वय आणि भेट कुठे लपवलीय ते लिहून पाठवायचे. काका कॅमेऱ्यात बघून सांगायचा, “डोरीन, सहा वर्षं, जिन्याखाली बघ!” की तिकडे डोरीन धावत सुटायची.

अडुसष्टच्या फेब्रुवारीतला एक शुक्रवार. केंद्र टोरांटोच्या एका कंपनीने विकत घेतलं होतं. साडेचारनंतर सगळं तिकडूनच येणार होतं, कायमचं.

“आयरीन, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय केलंयस?” विल्फ म्हणाला. “कार्यक्रम बंद होतोय, मी मेलो नाही अजून.”

“गप रे. अकरा कार्डं आहेत, घाई करू नकोस.”

त्याने अकराही वाचली, झकास वाचली. मग रिकाम्या तळहाताकडे बघत म्हणाला, “लिंडा, पाच वर्षं. मागच्या ओसरीतला जुना फ्रिज. लिंडाची आई, तुम्हीच उघडा. लवकर.”

मला वाटलं, एखादं कार्ड मीच मोजायचं विसरले असेन आणि त्याला ते पाठ असेल.

जाहिराती चालू असताना फोन वाजला. बाई हुंदके देत होती. “आत सापडली हो! लपायला शिरली आणि दार बसलं. निळी पडली होती, आता श्वास घेतेय.” मग म्हणाली, “पण तिचा वाढदिवस जुलैत असतो. आम्ही कार्ड पाठवलंच नव्हतं.”

मी टेबलावरची कार्डं मोजली. अकराच होती.

“विल्फ, हे तुला कुणी सांगितलं?”

“कार्डावर होतं ते वाचलं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साडेचार वाजले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. पडद्यावर टोरांटोची माणसं हसू लागली.

विल्फने टोपी काढली नव्हती. तळहात तसाच उघडा होता.

“कॉलिन, सात वर्षं. पंपघरामागची टाकी. बाबांनी शिडी घेऊन जावं.”

“जॉर्ज, टोरांटो तोड!” मी यंत्रांच्या खोलीतल्या तंत्रज्ञाकडे बघून ओरडले. “आपला कॅमेरा लाव!”

“ते आता माझ्या हातात नाही गं!”

“रूथ, चार वर्षं,” विल्फ बंद कॅमेऱ्याला सांगत होता.

मी फोन उचलला. कार्डावर आडनाव कधीच नसायचं. गरजच पडली नव्हती, ज्याचं त्याला घरबसल्या कळायचं.

“कुणाच्या घरी जोडून देऊ?” ऑपरेटरने विचारलं.

मागे विल्फ पुढचं नाव वाचत होता.