जिवंत नुआलाचं शोकपत्र

स्वतःच्या मृत्यूचं शोकपत्र नुआला गेरीनं उभ्यानंच वाचलं, टोस्ट जळू दिला आणि शेजारच्या टिअर्नीला बोलावलं. टिअर्नी निवृत्त पोलीस सार्जंट. न बोलावताही येणारा. आज तर आमंत्रण होतं.

पत्र बॉस्टनच्या इमेल्डाचं. नुआलाच्या आईला लग्नाआधी झालेली, नन्सनी अमेरिकेत दत्तक देऊन टाकलेली मुलगी. इंटरनेटवरच्या वंशावळीत नुआलाला ती हिवाळ्यात सापडली. महिनाअखेरीस ती प्रथमच यायची होती.

‘वंशावळीत नुआला गेल्याचं वाचलं,’ इमेल्डानं लिहिलं होतं. ‘मी उशीर केला. आता कोणासाठी येऊ? तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांगितली आहे.’

बॉस्टनमध्ये अजून पहाट होती. फोन दुपारीच लागणार होता.

“आधी चोर शोध,” नुआला म्हणाली. “नाहीतर पुन्हा मारतील मला. या वयात ती दुसऱ्यांदा तिकीट काढायची नाही.”

टिअर्नीनं वंशावळ उघडली. नुआलाच्या नावापुढे मृत्यूची तारीख. खाली, ‘दफन : किल्टेन, वडिलांच्या घराण्याच्या कबरीत.’

“पासवर्ड कोणाला ठाऊक?”

“मला, डेलियाला, पॅकीला.”

चुलतभाऊ पॅकी गोठ्यात सापडला. नुआलाच्या शेतावर त्याचा जुना डोळा.

“नवी वारस उगवली, पॅकी. पोटात दुखलं?”

“दुखलंच, सार्जंट! कोण कुठली अमेरिकन, माझ्या बांधावरून मिरवणार. पण मी नाही ते केलं. काकूची, नुआलाच्या आईची, कबर क्लूनकारच्या दफनभूमीत मीच खणली, नुआलासाठी एक जागा राखून. गावाला ठाऊक आहे. ती मेली तर फावडं मीच धरणार. मला न सांगता ती मरतेच कशी?”

नुआलाची धाकटी बहीण डेलिया ओला ब्रश घेऊन परतली.

“आईच्या कबरीचा दगड घासून आलीस?” टिअर्नीनं विचारलं.

“दर आठवड्याला घासते. नुआला येते कधी?”

“इमेल्डा येणार म्हणून खूश होतीस ना?”

“फार! यायच्या आधीच फोटो भिंतीवर. म्हणे आईचे डोळे आहेत. माझे कोणाचे आहेत, विचारलं कधी कोणी?”

टिअर्नीनं पॅकीलाही स्वयंपाकघरात आणून बसवलं.

“खोटं लिहिणारा आपल्या मनातलं खरं लिहून गेला,” तो म्हणाला. “पॅकीनं नुआलाला मारलं असतं, तर आईजवळच पुरलं असतं. गावातल्या कोणीही तेच केलं असतं. तिला किल्टेनला कोण धाडेल? ज्याला खोट्या मरणातसुद्धा आईशेजारची जागा तिला देववत नाही, तो.”

सगळ्यांनी ब्रशकडे पाहिलं.

“द्यायची कशाला?” डेलिया फुटली. “आणि ही तर म्हणत होती, जागा इमेल्डाला देऊ, तिला आई मिळाली नाही म्हणून! मला मिळाली होती? आजारपणात मी तिला कूस बदलून द्यायचे, आणि आई हाक मारायची नुआलाला!”



“जागा तू घे,” नुआला म्हणाली. “पण फोन तू लावायचा. आणि तिला आणायला विमानतळावरही तूच जायचं.”

दुपारी डेलियानं फोन लावला.

“इमेल्डा? मी डेलिया. नुआला जिवंत आहे. मीच मारली होती.”

पलीकडचं बोलणं तिनं खूप वेळ ऐकलं. मग नाक पुसलं, फोनवर हात ठेवला.

“येतेय,” ती म्हणाली. “पण आईच्या कपात तिला चहा मिळणार नाही.”