‘तेर्ने’वरचा शेवटचा हात

गोर्म थेस्ट्रुपने शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागला.

"अग्नेतबाई, दुपारी बोट क्लबची सभा आहे, आणि शेड क्लबचीच. तोवर खरं काय ते कळलं नाही, तर ही किल्ली मला परत द्यावी लागेल. बापाच्या वेळेपासून त्या शेडमध्ये बोटी रंगवतोय आम्ही. शेड गेली की नावही गेलं. या बंदरात मग मला कुणी कुंपण रंगवायलासुद्धा बोलावणार नाही."

अग्नेतबाई लिंगबींनी कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला. विमा कंपनीसाठी त्यांनी आयुष्यभर जळक्या-फुटक्या बोटी तपासल्या होत्या. आता निवृत्तीनंतर माणसांच्या भानगडी तपासत होत्या. त्यांचा धाकटा दीर पॅले, जुना बेकर, राई ब्रेडवर हेरिंग मासे रचत बसला होता.

"झालंय काय ते नीट सांग," बाई म्हणाल्या.

"आस्गर विंडिंगची बोट, ‘तेर्ने’. वसंतात मी तिची केबिन पांढरीशुभ्र रंगवून दिली. उन्हाळाभर ती नॉर्वेकडे होती. परत आली ती पिवळी होऊन, तेजही गेलेलं. आस्गर म्हणतो, मी महागड्या हार्डनरचे पैसे घेतले आणि स्वस्तातला घातला."

"हार्डनर म्हणजे आमचं यीस्ट का रे?" पॅलेने विचारलं.

"यीस्ट न घालता निदान चपटा पाव तरी होतो. हार्डनरशिवाय हा रंग वाळतच नाही." दुःखातही गोर्मला थोडं हसू आलं. "पॉलियुरेथेन दोन डब्यांत येतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनर दोन जातींचे. अ‍ॅरोमॅटिक स्वस्त, कडक, घरात उत्तम. पण त्याच्या रेणूत जी कडी असतात ना, ती ऊन पितात आणि तुटतात. मग रंग पिवळा पडतो, ठिसूळ होतो, भुकटी सुटते. अ‍ॅलिफॅटिकमध्ये ती कडी नसतात. ऊन त्याला काही करत नाही. वर्षानुवर्षं रंग तोच, चमक तीच, आणि लाकूड हललं तर तोही थोडा वाकतो. बोटीला तोच हवा."

"आणि तू तोच घातलास?"

"सीलबंद डबा मी स्वतः फोडला. स्प्रे गनने मारला. केबिनचं सरकतं झाकण तेव्हा सुताराकडून दुरुस्त होऊन आलं होतं, तेही त्याच रंगाने मागच्या खोलीत मारून घेतलं आणि बोट पाण्यात सोडायच्या दिवशी बसवलं. आस्गरसाठी छोटी बरणी भरून रंगही ठेवला."

"त्याच्यासाठी कशाला?" पॅले म्हणाला.

"बंदरात राहतोस ना तू? शेवटचा हात मालकाचा! नावाच्या पाटीखाली एक फटकारा मारायचा, म्हणजे बोट घरी परत येते. हार्डनर मिसळला की रंग काही तासांतच घट्ट होतो; दुसऱ्या दिवशी बरणी बघितली तर रंग दगड झालेला. काठोकाठ. धुतलेला ब्रश शेजारीच. मी ती फेकून दिली." गोर्मचा आवाज खाली गेला. "बाई, आता मलाच वाटायला लागलंय, चुकून भलताच डबा तर नाही ना घेतला मी? रात्र रात्र झोप लागत नाही."

"कॉफी पी. थंड होतेय," अग्नेतबाई म्हणाल्या आणि कोट चढवला.

---

आस्गर विंडिंग धक्क्यावर हातांची घडी घालूनच उभा होता. निवृत्त शाळामास्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"बघा, डोळे भरून बघा! बोट आहे की ताकाचं भांडं?"

केबिन खरंच पिवळट, मळकट दिसत होती. अग्नेतबाईंनी भिंतीवरचं जीवरक्षक कडं उचललं. त्याच्याखाली पांढरंशुभ्र वर्तुळ.

"म्हणजे उन्हानेच झालंय," पॅले पुटपुटला. "वहिनी, हे गोर्मच्या अंगाशी येणार."

बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि नखाने काहीतरी टोकरलं. वरच्या थरात अडकलेला एक ताठ केस होता.

"मांजराचा," पॅलेने निकाल दिला.

"आस्गर, तुमच्याकडे मांजर आहे?"

"मला शिंका येतात मांजराने. आणि केसाचं काय घेऊन बसलात? रंगाचं बोला!"

"हे झाकण मात्र लख्ख आहे," पॅले सरकत्या झाकणावर थाप मारत म्हणाला. "नवीन घेतलंस?"

"छे, जुनंच. त्यानेच रंगवलंय. तेवढं एक धड केलंन."

झाकण केबिनच्या माथ्यावर, भर उन्हात होतं. त्यावर सावली पडेल असं आसपास काहीच नव्हतं.

"गोर्मनंतर बोटीला कुणी हात लावला?" बाईंनी विचारलं.

"कोण लावणार? प्रथेप्रमाणे शेवटचा हात मीच फिरवला, आणि सोडली पाण्यात. माझ्या बोटीला मी परका हात लावू देत नाही. अहो, गोर्मला मी मित्र मानत होतो. मला पैशांचं दुःख नाही, फसवणुकीचं आहे."

त्याचे डोळे खरंच ओले झाले होते. हा माणूस नाटक करत नव्हता.

---

एय्लर बोंदेचं दुकान धक्क्याच्या टोकाला. तोही रंगारी, आणि गोर्मची शेड त्याला हवी होती हे गावातल्या बदकांनाही ठाऊक होतं.

"या, या! गोर्मने वकील म्हणून काकू पाठवल्या वाटतं?"

"शेडची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते म्हणे," अग्नेतबाई शांतपणे म्हणाल्या.

"असते की. म्हणून मी डबे बदलले? बाई, मला शेड हवीय, तुरुंग नको. पण एक सांगतो, असा पिवळेपणा म्हणजे घरातला हार्डनर, अगदी आपल्या क्लबहाऊसच्या जमिनीसारखा. वसंतातल्या श्रमदानात सगळ्यांनी मिळून ती केली ना, तिचं पारदर्शक लॅकर मीच दिलं होतं. आत त्याच्यासारखं दुसरं नाही. वर्षभर नाचा, ओरखडा येणार नाही."

"उरलं का काही?"

"अर्धा डबा, त्याच्या हार्डनरसकट. शेडमधल्या फळीवर ठेवला. ज्याला हवं त्याने घ्यावं, आपली रीतच आहे. आता तिथे नाही म्हणा."

बाहेर पडताच पॅलेने वहिनीची बाही धरली. "हाच! किल्ली याची, लॅकर याचं, फायदाही याचाच!"

"आणि झाकण?"

"झाकणाचं काय?"

"चल, सभेला उशीर होईल."

---

क्लबहाऊसमध्ये कॉफी आणि दालचिनीचे पाव मांडून झाले होते. गोर्म भिंतीला टेकून उभा होता, किल्ली मुठीत. सभा सुरू होण्याआधी अग्नेतबाई खिडकीपाशी गेल्या आणि तिथली कुंडी बाजूला सरकवली. आजूबाजूची लाकडी जमीन मधासारखी पिवळी होती. कुंडीखाली मात्र फिकट गोल.

"वसंतात ही सगळीच जमीन अशी फिकट होती," त्या म्हणाल्या. "आत चालतं, लाकडाला पिवळेपणा शोभूनही दिसतो. ‘तेर्ने’वरही तेच घडलंय. कड्याखाली पांढरं, उन्हात पिवळं. तेव्हा बोटीवर अ‍ॅरोमॅटिक हार्डनर आहे, यात वाद नाही."

आस्गरने मान हलवली. गोर्मने डोळे मिटले.

"पण तो गोर्मचा नाही. झाकण त्याने त्याच रंगाने रंगवलं. तेही उन्हाळाभर त्याच उन्हात होतं आणि अजून लख्ख आहे. गोर्मच्या डब्यात चुकीचा हार्डनर असता, तर झाकण आधी पिवळं पडलं असतं. फरक एवढाच की झाकण मागच्या खोलीत होतं. शेडमध्ये नंतर जे घडलं, त्यातून ते वाचलं."

"काय घडलं?" एय्लर आता सावरून बसला.

"गोर्म स्प्रे गनने रंगवतो. वरच्या थरात मला हा मिळाला." बाईंनी रुमाल उघडला. "पॅलेच्या मते मांजराचा केस. मी म्हणते, ब्रशचा. म्हणजे पांढऱ्यावर नंतर कुणीतरी ब्रशने पारदर्शक लॅकर चढवलं. फळीवरचं उरलेलं लॅकर."

"तर मग एय्लरच!" पॅलेला राहवलं नाही.

"गप्प रे. वैर काढायला कुणी इतक्या प्रेमाने, एक कोपरा न सोडता लॅकर लावतं का? आस्गर, शेवटचा हात तुम्हीच फिरवलात ना?"

"अर्थात."

"कशाने?"

आस्गरने कॉफीचा कप खाली ठेवला.

"गोर्मने ठेवलेली बरणी दुसऱ्या दिवशी काठोकाठ दगड झालेली सापडली. ब्रश मात्र धुतलेला, म्हणजे वापरलेला. बरणीतला थेंबही तुम्ही घेतला नव्हता."

शाळामास्तरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मी... उशिरा पोचलो. बरणीत ब्रश घातला तर ठक्क वाजलं. फळीवर लॅकर होतं, त्याचा हार्डनरही. मिसळलं. म्हटलं, ज्यावर अख्खा गाव नाचतो त्याला लाटा काय करणार? पाटीखाली एक फटकारा मारला. इतकं चमकलं की हात थांबेना. सगळी केबिनच केली. उशीर झाला हे गोर्मला सांगायची लाज वाटली. आणि लॅकर पिवळं पडतं हे, देवाशप्पथ, आज ऐकतोय."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" एय्लर मोठ्याने हसला, आणि पाठोपाठ सगळी सभा.

गोर्म मात्र हसला नाही. सरळ बाहेर पडून तो बोटीवर गेला, आणि सगळे त्याच्यामागे धक्क्यावर आले. त्याने खिशातून पॉलिश पेपर काढला, केबिनवर तळहाताएवढी जागा हलक्या हाताने घासली आणि फडक्याने पुसली. खालून गोर्मचा पांढरा रंग वर आला. त्याला उन्हाचा डाग नव्हता.

"माझाच आहे," तो म्हणाला. "मी चुकलो नव्हतो." आणि केबिनला टेकून तो लहान मुलासारखा रडला. त्याच्या खांद्यावरून काय उतरलं ते सगळ्यांना दिसत होतं.

आस्गर टोपी हातात घेऊन पुढे आला. "गोर्म, मी तुला चोर म्हटलं. भर बंदरात. काय करू सांग."

गोर्मने नाक पुसलं. शेडची किल्ली नीट खिशात टाकली आणि पॉलिश पेपर मास्तरांच्या हातात दिला.

"शेवटचा हात तू फिरवलास ना? मग आता पहिलाही तूच फिरव. अख्खी केबिन आहे. मी कॉफी आणतो."